पाहुण्यांस धाडावयाचे निरोप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकले, पुढे संसाराला लागले. परंतु अध्यक्षाबाईंनी आग्रह धरला की, “टिपेश्वरला येणारे पाहुणे तुझ्या घरी उतरतात, तू त्यांच्याशी मोबाइलवर लिहून बोलतेस, ते आम्हांला सांग.” म्हणून उभी आहे. या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. ती आधी सांगते. कारण जे शिकले ते त्या चुकीमुळेच शिकले.

टिपेश्वर आपल्या केळापूर तालुक्याचे भूषण आहे. सुमारे 148 चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य 1997 साली जाहीर झाले. आपण लहानपणी ज्या रानाला भीत होतो, ते पाहावयास आता नागपूर, पुणे, हैदराबादेहून लोक येतात. सुन्ना आणि माथनी या दोन फाटकांची नावे त्यांना आपल्याहून अधिक पाठ असतात. 2019 साली येथील एका तरुण वाघाच्या गळ्यात पट्टा बांधला होता. तो वाघ चालत चालत, गावे, शेते, नद्या ओलांडीत, तीन हजार किलोमीटरहून अधिक फिरून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेच्या रानात पोहोचला. ती बातमी देशभर गाजली, आणि आपल्याकडची वर्दळ वाढली.

2022 साली आम्ही घरामागच्या दोन खोल्या नीट केल्या, न्हाणीघर बांधले आणि पाहुणे ठेवावयास सुरुवात केली. पुण्याच्या पुतण्याने आमच्या घराची माहिती व फोटो एका संकेतस्थळावर चढवून दिले. पाहुणा तेथेच खोली राखून ठेवतो, तेथेच पैसे भरतो. पुतण्या म्हणाला, “काकू, प्रत्येकाला तेच तेच किती वेळा लिहाल? मी निरोपांचे साचे भरून देतो. पाहुण्याचे नाव आणि तारीख आपोआप पडेल, आणि वेळ झाली की निरोप आपोआप जाईल.” इंग्रजीत याला टेम्प्लेट म्हणतात. मी हो म्हटले. निरोप इंग्रजीत होते. खाली माझे नाव होते. मी ते वाचले नाहीत.

डिसेंबर महिना होता. मुंबईकडचे एक जोडपे लहान मुलीला घेऊन आले. दुपारी उतरले, जेवले. दिवेलागणीला चहा घेऊन गेले, तो खोलीला बाहेरून कडी! मला वाटले अंगणात असतील. अंगणात नाहीत, रस्त्यावर नाहीत. शेजारचा मुलगा म्हणाला, “ते तं नाल्याकडं गेले ना काकू, पऱ्हाटीच्या वावरातून.” माझे पायच गळाले. तीनच दिवसांपूर्वी त्याच नाल्याजवळ एका शेतकऱ्याची कालवड वाघाने मारली होती. आमच्या गावचा कोणी माणूस सूर्य बुडाल्यावर तिकडे एकटा जात नाही.

हे आणि शेजारचे दोघे जण बॅटऱ्या, काठ्या घेऊन धावले. मी देवापुढे बसले. सासूबाई ओट्यावर उभ्या राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. अर्ध्या तासाने सगळे परत आले. धुऱ्यावर बसून ती माणसे मावळतीचे फोटो काढीत होती! काही झाले नाही, देवाची कृपा. पण मी जरा रागाने म्हटले, “भाऊ, सांगितल्याशिवाय असे जायचे नाही हो.” तेव्हा त्या गृहस्थांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, “ताई, तुमच्याच निरोपात लिहिले आहे, संध्याकाळी शेतातून फिरून या म्हणून.”

मुलीकडून वाचून घेतले. खरेच तसे लिहिले होते. तो साचा कुठल्या तरी थंड हवेच्या गावातल्या घरासाठी केलेला असावा. पुतण्याने चांगल्या मनाने उचलून आमच्या घराला लावला. त्यात संध्याकाळचा फेरफटका होता, शेकोटी होती, आणि वाघाचे नाव कोठेच नव्हते.

रात्री सासूबाई मला म्हणाल्या, “खाली नाव कोनाचं होतं?” मी म्हटले, “माझं.” “मंग वाचलं काहून नाही?”

याला उत्तर नव्हते. इंग्रजी येत नाही, हे उत्तर नव्हे. ज्या कागदावर काय लिहिले ते ठाऊक नाही त्यावर अंगठा उठवू नये, हे आपण बचत गटात एकमेकींना शिकवितो. आणि येथे मी रोज न वाचलेल्या कागदावर सही करीत होते. दुसऱ्या दिवशी मुलीला शेजारी बसविले आणि ते सगळे निरोप पुसून नव्याने लिहावयास घेतले. त्याला पंधरा दिवस लागले. त्यातून जे उमगले ते आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, साचा म्हणजे काय हे समजून घ्यावे. आपल्याला ते नवीन नाही. आपण शाळेत पत्राचा मायना शिकलो. वडिलांना तीर्थरूप, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार, धाकट्याला अनेक आशीर्वाद. मायना ठरलेला, मजकूर आपला. लग्नपत्रिकाही छापील असते, पण वर पाहुण्याचे नाव आपण हाताने घालतो आणि आतल्या घरच्या माणसाला “आठ दिवस आधी यावे” असे कोपऱ्यात लिहितो. मोबाइलातला साचा तसाच आहे. जे सर्वांना सारखे ते एकदा लिहून ठेवावयाचे. जे ज्याचे त्याचे, म्हणजे नाव, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, त्याला मोकळी जागा ठेवावयाची. ती जागा यंत्र भरते.

ही मोकळी जागा मात्र आपल्या मनाने टंकून चालत नाही. मी पहिल्यांदा कंस करून त्यात “पाहुण्याचे नाव” असे लिहिले. नागपूरच्या एका बाईंना तसाच निरोप गेला: “नमस्कार, पाहुण्याचे नाव!” त्यांनी हसून लिहिले, “माझे नाव अजून ठरले नाही का?” यंत्राला फक्त त्याने दिलेली खूण कळते. ती यादीतून निवडून घालावी लागते. आणि घातल्यावर पहिला निरोप आपल्याच घरातल्या कोणाला तरी कसा दिसेल ते पाहून घ्यावे. भाजी वाढण्यापूर्वी मीठ पाहतो तसे.

शिवाय यंत्र ज्याने खोली राखली त्याचे नाव घालते. येणारा वेगळा असू शकतो. मुलगा पुण्यात बसून आईवडिलांसाठी खोली राखतो. म्हणून माझा पहिला निरोप प्रश्नाचा असतो: कोण कोण येणार, वयस्कर किंवा लहान कोणी आहे काय, जेवणात काय चालत नाही, आणि कोणत्या वाहनाने येणार. एवढ्या चार प्रश्नांनी पुढची निम्मी धावपळ वाचते.

दुसरी गोष्ट, निरोप किती आणि कधी. पुतण्याचे नऊ होते. मी पाच ठेवले. खोली राखली की लगेच पहिला. त्यात आभार आणि वरचे चार प्रश्न. येण्याच्या दोन दिवस आधी दुसरा, त्यात वाट. येण्याच्या दिवशी सकाळी तिसरा. त्यात सुरक्षिततेच्या सूचना. मुक्कामाच्या संध्याकाळी चौथा. त्यात फक्त एवढेच की पहाटेचा चहा किती वाजता हवा. सकाळच्या फेरीचे लोक अंधारात उठतात. “नाश्ता नऊ वाजता तयार आहे” असा निरोप त्यांना जंगलात मिळून काय उपयोग? आणि गेल्यावर दुसऱ्या दिवशी पाचवा, आभाराचा.

येथे एक अडचण येते. कोणी आज दुपारी खोली राखून आज संध्याकाळीच आला, तर “दोन दिवस आधीचा” निरोप कधी जावयाचा? काही ठिकाणी तो जातच नाही, काही ठिकाणी सगळे एकदम जाऊन पडतात. आपल्या यंत्रात काय होते ते आधी तपासावे. मी अशा पाहुण्यासाठी वाट आणि सूचना एकत्र असलेला एक वेगळा छोटा साचा ठेवला आहे, आणि तो मी स्वतः धाडते.

तिसरी गोष्ट, सर्वांत महत्त्वाचे सर्वांत वर. लोक मोबाइलवर पहिल्या दोन ओळी वाचतात; पुढचे वाचतील याची खात्री नाही. पूर्वी माझ्या निरोपात वर स्वागत, मग घराची वाखाणणी, मग पंख्याची बटणे. आता तिसरा निरोप असा आहे:

“नमस्कार. आमचे गाव वाघाच्या रानाला लागून आहे. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत अंगणाच्या फाटकाबाहेर पायी जाऊ नये. लहान मुलांना एकटे सोडू नये. काही हवे असल्यास आम्हांला हाक मारा, आम्ही शेजारच्याच खोलीत आहो. फिरावयाचे असल्यास सकाळी ऊन वर आल्यावर घरचे माणूस बरोबर देऊ.”

बस्स. या निरोपात दुसरे काही नाही. न्हाणीघराचे गरम पाणी यात नाही, जेवणाचे नाही. त्या गोष्टी खोलीतल्या भिंतीवर लिहून लावल्या आहेत. आणि निरोप गेला म्हणून मी गप्प बसत नाही. पाहुणा उतरला की चहाचा कप देताना हेच तोंडाने पुन्हा सांगते. हा निरोप यंत्रावर सोपविण्यासारखा नाही, हे त्या डिसेंबरने मला शिकविले.

चौथी गोष्ट, भाषा. आपल्याकडे मराठी, हिंदी, आणि पैनगंगेपलीकडून आदिलाबाद, हैदराबादेचे तेलुगू लोक येतात. मी प्रत्येक निरोप मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठेवला आहे. इंग्रजी मुलीने केले; पण ते शब्दास शब्द न करता, मी सांगावे, तिने लिहावे आणि मग तिने मला मराठीत उलट वाचून दाखवावे, असे केले. उलट वाचण्यात चुका सापडतात. मोबाइल स्वतःही भाषांतर करून देतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये.

आपल्या शब्दांचीही मौज आहे. मी जेवणाच्या निरोपात “सांबारवडी मिळेल” असे लिहिले होते. हैदराबादचे एक कुटुंब आले, ताटात वडी पाहून आजोबा विचारतात, “सांबार कुठे आहे?” आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो हे त्यांना काय ठाऊक! तेव्हापासून “कोथिंबिरीची वडी, आमच्याकडे हिला सांबारवडी म्हणतात” असे लिहिते. आपला शब्द सोडला नाही, त्याला फक्त ओळख करून दिली. झुणका, भाकर, पातोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, पानगे यांची नावे मी तशीच ठेवली. त्यासाठीच तर लोक येतात. आम्ही पाहुण्यांना हॉटेलचे जेवण द्यावयाचे नाही, आणि निरोपही हॉटेलचा द्यावयाचा नाही.

पाचवी गोष्ट, वाट. नकाशाची खूण धाडली तरी आपल्या भागात मोबाइलची रेंज कोठे जाईल सांगता येत नाही. म्हणून वाट शब्दांत लिहावी. नागपूरहून आणि आदिलाबादहून येणारा हमरस्ता एकच, पण दिशा उलटी. एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे. मी आधी एकच वाट लिहिली होती, त्यामुळे आदिलाबादचे पाहुणे भलत्याच गावी जाऊन उभे राहिले. आता नागपूरची वाट वेगळी, आदिलाबादची वेगळी आणि यवतमाळची वेगळी आहे. खुणाही अशा द्याव्यात की ज्या हलत नाहीत: देऊळ, पाण्याची टाकी, शाळा. “पानठेल्याजवळ वळा” असे लिहिले होते; ठेला दिवाळीत उठून गेला!

सहावी गोष्ट, ऋतू. साचा एकदा करून वर्षभर ठेवावयाचा नाही. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, अभयारण्यातील फेऱ्या बंद राहतात. अशा वेळी “उद्या सफारीस शुभेच्छा” असा निरोप गेला तर पाहुण्याला वाटेल आपण फसविले. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. तेव्हा टोपी, पाणी आणि दुपारी बाहेर न पडण्याची सूचना हवी. डिसेंबरात पहाटे उघड्या गाडीत थंडी वाजते. तेव्हा शाल, स्वेटर. मी कॅलेंडरवर तीन खुणा केल्या आहेत, होळी, मृग आणि दसरा. त्या दिवशी सगळे साचे काढून वाचते आणि जुने झालेले बदलते. फेरीचे आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर होते आणि फाटकावर मूळ ओळखपत्र दाखवावे लागते, हे मात्र बारा महिने लिहिलेले असते.

सातवी गोष्ट मला सर्वांत कठीण गेली. आपोआप जाणारा निरोप थांबवावयास शिकावे. मागच्या वर्षी एक बाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या. पहिल्याच रात्री त्यांना फोन आला, वडील गेले. आम्ही गाडी करून दिली, वाटेत खावयास भाकरी बांधून दिली. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी यंत्राने त्यांना निरोप धाडला: “आपला मुक्काम आनंदात झाला असेल अशी आशा आहे. आम्हांस पाच तारे द्यावेत.” घरात सुतक, आणि आमचे हे! मला कळले तेव्हा शरमेने काय करावे सुचेना. फोन लावून क्षमा मागितली. त्या भल्या होत्या, म्हणाल्या, “ताई, ते मशीनने पाठविले हे मला समजले.” पण मला ते पुरले नाही. खाली नाव मशीनचे नव्हते.

आता मी पाचवा निरोप यंत्राकडे ठेवलेलाच नाही. तो मी हाताने लिहिते. पाहुणा गेला की रात्री भांडी आवरून बसते, त्याने काय खाल्ले, लेकराने काय पाहिले, ते आठवून दोन ओळी लिहिते. “तुमच्या मुलीने वासराचे नाव ठेवले, तेच आम्ही चालू ठेवले आहे.” असे. याला पाच मिनिटे लागतात. आणि ज्यांचे तार जुळतात ते पुन्हा येतात.

अगदी पुन्हा येणाऱ्या पाहुण्यालाही जुनाच साचा गेला, तर तो परक्यासारखा होतो. तिसऱ्यांदा येणाऱ्याला “आमच्या घराची ओळख” काय सांगावयाची? त्याला वेगळे काढून हाताने लिहावे.

ज्यांच्याकडे अजून संकेतस्थळ नाही, त्यांनी व्हॉट्सॲपच्या व्यवसायाच्या ॲपपासून सुरुवात करावी. ते फुकट आहे. त्यात 50 पर्यंत तयार उत्तरे साठवून ठेवता येतात. तिरपी रेघ आणि खुणेचा शब्द टंकला की पूर्ण उत्तर समोर येते. “वाट” असा शब्द ठेवला की वाटेचा निरोप, “जेवण” ठेवला की जेवणाचा. धाडण्यापूर्वी त्यात फेरफारही करता येतो, म्हणून हे मला अधिक आवडते. एक भेद मात्र ध्यानात ठेवा. संकेतस्थळाचे निरोप त्यांच्या यंत्रातून जातात. आपल्याकडे वीज नसली, रेंज नसली तरी जातात. व्हॉट्सॲपचा “आम्ही सध्या उत्तर देऊ शकत नाही” हा आपोआप जाणारा निरोप मात्र आपल्या मोबाइलला इंटरनेट असले तरच जातो.

पैशाबद्दलही दोन शब्द. महाराष्ट्र शासनाने 2023 साली स्त्रियांसाठी “आई” नावाचे पर्यटन धोरण काढले. त्यात बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या 15 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा, ठराविक मर्यादेत, मिळण्याची सोय आहे. व्यवसाय तिच्या नावाने असावा लागतो आणि अटी आहेत, त्या पर्यटन संचालनालयाकडून नीट समजून घ्याव्यात. नोंदणीही वेळीच करावी. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, तेही विसरू नये. अहमदाबादची सेवा संस्था, जी इलाबेन भट्ट यांनी 1972 साली उभी केली, तिने 2016 पासून गुजरातेतल्या खेड्यांतील बायांची घरे अशा रीतीने पाहुण्यांसाठी खुली केली. त्याही आपल्यासारख्याच शेतातल्या, चुलीपुढच्या बाया. त्यांना जमले, आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

मैत्रिणींनो, घरी आलेल्याला तांब्याभर पाणी आणि दोन गोड शब्द देणे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आता पाहुणा दारात येण्याआधी मोबाइलमध्ये येतो, एवढाच फरक. तेथे आपल्या नावाने जे बोलले जाते ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. इंग्रजी येत नसेल तर लेकीला, सुनेला, नातवाला विचारावे. त्यात लाज नाही. न वाचता सही करण्यात लाज आहे.

सासूबाई आता थकल्या आहेत, पण नवा साचा केला की मी तो त्यांना वाचून दाखविते. त्यांना मोबाइल कळत नाही. त्या ऐकतात आणि कधी म्हणतात, “हे वाक्य लांबलं.” कधी म्हणतात, “वाघाचं सांगतलं ना?” सांगितले असेल तर मान हलवितात, आणि मग मी तो निरोप चढविते.

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी मंडळाच्या खोलीत येईन. ज्यांना आपले निरोप लिहावयाचे असतील त्यांनी मोबाइल आणि एक वही घेऊन यावे. आधी वहीत लिहू, मोठ्याने वाचू, मगच मोबाइलमध्ये घालू.